मुदत संपली, मग कारण कशाला सांगायचं?

घर नाकारल्याच्या गोष्टी आपल्यातल्या प्रत्येकाकडे आहेत. आडनाव ऐकून फोन ठेवला गेला, 'फक्त शाकाहारी कुटुंबास' अशी पाटी दिसली, ब्रोकरने चार दिवस फिरवून पाचव्या दिवशी 'दिलं हो ते' म्हणून सांगितलं. या गोष्टी आपण एकमेकांना सांगतो, त्यावर लिहितोही. पण घर देऊन, अकरा महिने वेळेवर भाडं घेऊन, बाराव्या महिन्यात ते शांतपणे काढून घेतलं जातं तेव्हा आपण काय म्हणतो? 'अ‍ॅग्रीमेंट संपलं.' बस्स. जणू ते पावसाळा संपावा तसं आपोआप संपलं.

माझं म्हणणं असं आहे की आजच्या शहरात जात सगळ्यात निवांत बसते ती या 'संपलं'मध्ये. नकाराला निदान काहीतरी निमित्त सांगावं लागतं. मुदत संपली की तेही लागत नाही.

आधी जे मोजलं गेलं आहे ते पाहू. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांबाबत केलेला अभ्यास २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. एकाच घरासाठी सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी चौकशी केली गेली. सवर्ण नावाला नकार मिळालाच नाही. दलित नावांना सुमारे १८ टक्के, मुस्लिम नावांना सुमारे ३१ टक्के वेळा सरळ नकार मिळाला, आणि ज्यांना होकार मिळाला त्यांतल्या अनेकांपुढे जास्तीच्या अटी ठेवल्या गेल्या. समाजशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा हा अभ्यास आहे. पण तो दारावर उभ्या असलेल्या माणसाचा अभ्यास आहे. दाराच्या आत अकरा महिने काढलेल्या माणसाचं काय होतं, हे त्याच्या रचनेत बसत नाही. तिथे नकार नसतो, त्यामुळे मोजायला काही हाती लागत नाही.

अकरा महिन्यांत काय होतं? जात कळते. पहिल्या दिवशी कळली नसेल तर हळूहळू कळते. आडनाव गावावरून घेतलेलं असलं, 'कर' लागलेलं असलं, तर पहिली भेट निभावून जाते. मग कधीतरी भिंतीवरचा फोटो दिसतो. १४ एप्रिलला पांढरी साडी नेसून आपण जिन्यावरून उतरतो. ६ डिसेंबरला दादरला जाऊन रात्री उशिरा परततो. गावाकडून आई-बाप येतात आणि त्यांच्या बोलीवरून, पायातल्या चपलांवरून, नमस्कार करण्याच्या पद्धतीवरून खालच्या मजल्यावरच्या काकूंना जे कळायचं ते कळतं. आणि मग काही होत नाही. भांडण होत नाही, शिवी दिली जात नाही. फक्त नूतनीकरण होत नाही.

माझंच उदाहरण सांगते, कारण ते अगदी सामान्य आहे. पुण्यात एका जुन्या सोसायटीत वन-आरके, भाडं नऊ हजार, डिपॉझिट तीस हजार. डिपॉझिट आईच्या भिशीतून आलेलं. मालक वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त गृहस्थ. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बेटा. दिवाळीत लाडू-चिवड्याचा डबा आला, संक्रांतीला तिळगूळ आला. आठव्या महिन्यात आई चार दिवस राहायला आली. जिन्यात काकू भेटल्या तेव्हा तिने आयुष्यभराच्या सवयीने हात जोडून 'जय भीम' म्हटलं. काकूंनी हसून मान हलवली. त्यानंतर डबा आला नाही. दहाव्या महिन्यात काका म्हणाले, "बेटा, मुदत संपतेय. आम्हाला आता जागा लागणार आहे."

मी दोन महिने मागितले. प्रबंधाच्या प्रगतीचं सादरीकरण होतं, फेलोशिप तीन महिने थकलेली होती. भाडं दहा टक्के वाढवून देते असंही म्हटलं. काका म्हणाले, "पैशाचा प्रश्न नाही गं."

पैशाचा प्रश्न नाही हे वाक्य नीट ऐकावं. वाटाघाट म्हणजे समोरच्याला हवं असलेलं काहीतरी आपल्या हातात असणं. मालकाला जास्त भाडं हवं असेल, भाडं वेळेवर यायला हवं असेल, जागा रिकामी राहायला नको असेल, तर आपण बोलू शकतो. पण त्याला आपलं नसणंच हवं असेल तर आपल्याकडे देण्यासारखं काय उरतं? फक्त तारीख. म्हणून मी तारखेवर आणि डिपॉझिटवर बोलले. तीन आठवडे जास्तीचे मिळाले, जुन्याच भाड्याने, आणि ते मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं. रंगकामाचे म्हणून काका चार हजार कापणार होते. आत शिरल्या दिवशी ओल आलेल्या भिंतीचे काढलेले फोटो मी त्यांना पाठवले आणि ते दीड हजारांवर आले. सोडून गेल्यावर दोन आठवड्यांत तीच जागा एका संकेतस्थळावर दिसली. भाडं साडेआठ हजार, माझ्यापेक्षा पाचशे रुपये कमी. पुढे लिहिलं होतं: शाकाहारी मुलींना प्राधान्य.

हे जातीमुळे झालं, हे मी सिद्ध करू शकत नाही. कुठल्याही पोलीस ठाण्यात, कुठल्याही न्यायालयात करू शकत नाही. काकांनी एक शब्द वावगा उच्चारला नाही आणि करार खरोखरच संपला होता.

आता ज्या माणसाने आपल्याला हे सगळं ओळखायला शिकवलं त्याची गोष्ट. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने उतरले. रोजचा दीड रुपया ठरला होता. हे त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं आहे. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लाठ्या घेऊन दारात आले, हे आपल्याला पाठ आहे. पण त्या प्रसंगातला एक तपशील आपण घाईत ओलांडतो. बाबासाहेबांनी त्यांच्याकडे मुदत मागितली. एक आठवडा. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, तेवढ्यात काहीतरी होईल या आशेने. कोलंबियात शिकून आलेला, संस्थानाचा अधिकारी असलेला माणूस जमावाकडे सात दिवस मागतो आणि त्याला संध्याकाळपर्यंतची वेळ मिळते.

त्यानंतर त्यांनी दोन मित्रांना विचारलं. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, उद्या बायको येते आहे, तिला विचारावं लागेल. बाबासाहेबांना पुढे कळलं की तो नकार देण्याचा सभ्य मार्ग होता. शंभर वर्षांनंतर 'मिसेसना विचारून सांगतो', 'सोसायटीच्या कमिटीला विचारावं लागेल', 'मुलगा परदेशातून येतोय' ही वाक्यं ऐकताना मला नेहमी तो मित्र आठवतो. कारण सांगणारा स्वतः कधीच जातीयवादी नसतो. जातीयवादी नेहमी घरातलं दुसरंच कुणीतरी असतं.

आणखी एक. आडनाव लपवणाऱ्या, फोटो कपाटात ठेवणाऱ्या आपल्या मुलामुलींना काही मंडळी स्वाभिमानाचे धडे देतात. अशांनी बडोद्याच्या त्या धर्मशाळेची नोंदवही आठवावी. तिथे बाबासाहेबांची सही पारशी नावाने होती. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला स्वाभिमान शिकवणं फार सोपं असतं, विशेषतः शिकवणाऱ्याच्या नावावर फ्लॅट असेल तर.

कायदा काय म्हणतो ते थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या घरात याआधी कुणी भाडेकरार वाचलेला नसतो. आपले आजोबा ज्या घरात राहिले त्याला करार नव्हता, आणि बापाने शहरात जी खोली घेतली तीही तोंडी होती. त्यामुळे पंचवीस पानांचा कागद समोर आला की आपण सही कुठे करायची तेवढंच विचारतो.

महाराष्ट्रात आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो बहुतेक वेळा भाडेकरार नसतोच. तो 'लीव्ह अँड लायसन्स' असतो. म्हणजे आपल्याला जागेत हक्क मिळत नाही, राहण्याची परवानगी मिळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या ५५व्या कलमानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. 'स्टॅम्प पेपरवर करून टाकू, नोंदणीचा खर्च कशाला' असं मालक म्हणतो तेव्हा तो आपल्यावर उपकार करत नसतो, आपलं कर्तव्य टाळत असतो. गंमत अशी की लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

अकरा महिने हा आकडाही काही निसर्गनियम नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, ती टाळायला अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानंतर अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, म्हणजे त्या आकड्याचं मूळ कारण इथे संपलं आहे. तरी आकडा टिकला. का टिकला? ब्रोकरला दर अकरा महिन्यांनी दलाली मिळते आणि मालकाला दर अकरा महिन्यांनी माणूस तपासून बघण्याची संधी. चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार करायला कायद्याची काही आडकाठी नाही. सुरुवातीलाच मागून बघा. मालक देईलच असं नाही, पण न मागता तर कुणीच देत नाही.

आता कडू भाग. त्याच कायद्याचं २४वं कलम मालकाच्या बाजूचं आहे. मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, जागा परत मिळवू शकतो, आणि त्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. म्हणून 'बघू काय करतो ते' म्हणून मुदत संपल्यावर बसून राहण्याचा सल्ला मी कुणाला देणार नाही. नऊ हजारांचे अठरा हजार व्हायला वेळ लागत नाही. पण याच कलमाचा दुसरा अर्थही लक्षात ठेवा: मालकाने प्राधिकाऱ्याकडे जायचं असतं. कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढून ठेवणं, पाणी-वीज तोडणं हे त्याचे अधिकार नाहीत. तो तसं करत असेल तर १०० किंवा ११२ ला फोन लावा, व्हिडिओ काढा, आणि 'काका' म्हणणं थांबवा.

एक जुना कायदा मला विशेष आवडतो. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम. परवान्याची व्याख्या त्याच्या ५२व्या कलमात आहे. ६२व्या कलमानुसार मुदत संपली की परवाना रद्द झाल्याचं मानलं जातं. आणि लगेच ६३वं कलम म्हणतं की परवाना रद्द झाल्यावर परवानाधारकाला जागा सोडण्यासाठी आणि आपलं सामान हलवण्यासाठी वाजवी वेळ मिळण्याचा हक्क आहे. बाबासाहेब बडोद्याला सात दिवस मागत होते तेव्हा हा कायदा लिहून पस्तीस वर्षं झाली होती. वाजवी वेळ हा शब्द त्यात होता. लाठ्या घेऊन आलेल्यांनी तो वाचला नव्हता. दुप्पट भरपाईच्या कलमासमोर हे ६३वं कलम एकटं ढाल म्हणून पुरणार नाही, पण मालकाशी बोलताना 'मी भीक मागत नाहीये, वाजवी वेळ मागतेय' एवढं म्हणायला ते पुरतं.

आणि बोलायला सुरुवात नवव्या महिन्यातच करायची. अकराव्यात नाही. करारात नोटिशीचा काळ किती, मुदतीआधी सोडलं तर काय, रंगकाम कुणाचं, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे तेव्हा काढून वाचायचं. मग मालकाला साधा मेसेज करायचा: करार अमुक तारखेला संपतो आहे, मला पुढे राहायचं आहे, आपला विचार काय? त्याचं उत्तर लेखी आलं तर उत्तम. फोनवर आलं तर फोन ठेवल्यावर 'आपलं असं बोलणं झालं' म्हणून आपणच लिहून पाठवायचं. आजूबाजूच्या तीन-चार जागांचं चालू भाडं माहीत असू द्या. मालक एकदम वीस टक्के वाढ मागत असेल तर तो कुठून बोलतोय ते कळतं. डिपॉझिट आणि चावी एकाच वेळी, समोरासमोर द्या-घ्या. 'चावी दे, आठवड्यात टाकतो' हा आठवडा किती लांबतो ते मी मैत्रिणींकडून ऐकलं आहे. त्यातली एक अजून ऐकवतेच आहे.

यातलं सगळ्यात अवघड काम कायद्याचं नाही, आवाजाचं आहे. मराठीत घरमालकाला आपण नुसतं 'मालक' म्हणतो. आपल्या आज्यांनी हा शब्द वाड्यावरच्या पाटलासाठी वापरला, मळ्यावरच्या बागायतदारासाठी वापरला, नवऱ्यासाठीही वापरला. तोंडात मालक आला की पाठ आपोआप वाकते. मी एम.ए.ला वर्चस्वावर पेपर लिहिला होता आणि काकांसमोर उभी राहिले तेव्हा माझा आवाज माझ्या आजीचा झाला होता. दुसरा सापळा नात्यांचा. काका, बेटा, आपल्या घरच्यासारखं. हे प्रेम खोटं असतंच असं नाही. पण व्यवहाराच्या दिवशी ते एकाच बाजूने वापरलं जातं: मुलीने काकांकडे पावती मागायची नसते, काका मात्र मुलीचे रंगकामाचे पैसे कापू शकतात. म्हणून गोड बोला, अहो-जाहो करा, आणि लिहून घ्या.

सध्या मी मैसूर जिल्ह्यात, टी. नरसीपूर तालुक्यातल्या सोसले गावी फील्डवर्कसाठी राहते. कावेरी आणि कपिलेचा संगम इथून जवळ आहे. सोसले व्यासराज मठामुळे या गावाचं नाव बाहेर ठाऊक आहे. इथे खोली शोधताना एक नवी गोष्ट कळली. माझं आडनाव इथे कुणाला वाचता येत नाही. महाराष्ट्रात ते ऐकून लोक माझा तालुका आणि माझी गल्ली दोन्ही सांगतील. इथे ते नुसता एक परका आवाज आहे. त्यामुळे लोक सरळच विचारतात: नीवु याव जना? तुम्ही कुठल्या लोकांपैकी? पुण्यात हा प्रश्न अकरा महिने घुटमळत असतो, इथे तो दुसऱ्या वाक्यात येतो. खरं सांगू, मला हे जास्त परवडलं. आणि प्रश्न न विचारणाऱ्यांनाही एक गोष्ट वाचता येतेच. आडनाव राज्याची सीमा ओलांडलं की मुकं होतं, बाबासाहेबांचा फोटो मात्र कानडीतही तेवढंच स्पष्ट बोलतो.

संशोधकाची खाट कुठे पडते यावर त्याला कुठलं गाव दिसतं हे ठरतं. एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये याच मैसूर भागातल्या एका खेड्यात गेले, ज्याला त्यांनी पुस्तकात रामपुरा म्हटलं. त्यांना जागा मिळाली ती गावच्या मुख्य पाटलाच्या मालकीच्या घरात. आपलं चित्रण वरच्या जातींच्या बाजूने पाहिलेलं आहे हे त्यांनी पुढे प्रांजळपणे मान्य केलं. भारतीय समाजशास्त्रातलं एक अभिजात पुस्तक अशा रीतीने एका घरमालकाच्या ओट्यावरून पाहिलेलं आहे. माझी खोली दलित वस्तीत आहे, एका अक्कांच्या घराला लागून. करार नाही, सगळं तोंडी. जानेवारीतच त्यांनी सांगून टाकलं की जूनमध्ये लेक बाळंतपणाला येणार, तेव्हा खोली लागेल. मी म्हटलं, माझं काम जुलैपर्यंत आहे. मग ठरलं की जूनमध्ये मी समोरच्या त्यांच्या दिरांकडे जायचं, भाडं तेच, जेवण अक्कांकडेच. खऱ्या कारणाला तारीख असते आणि ते लवकर सांगितलं जातं, एवढा फरक मला यातून कळला. आपल्या माणसांकडे राहिलं की सगळं आपोआप गोड होतं असं मात्र मला म्हणायचं नाही. पाण्याच्या मोटरच्या बिलावरून अक्का आणि माझं एकदा चांगलंच वाजलं आहे.

मैसूर-बेंगळुरूकडे भाड्याशिवाय आणखी एक प्रकार आहे, भोग्य. एकरकमी काही लाख मालकाला द्यायचे, दोन-तीन वर्षं बिनभाड्याने राहायचं, जाताना रक्कम परत घ्यायची. इथे नोकरीला येणाऱ्या आपल्या मुलांना हा सौदा आकर्षक वाटतो. मुदत संपते तेव्हा मात्र पारडं फिरतं. मालकाने ती रक्कम कधीच खर्चून टाकलेली असते आणि तो नवा भोग्यदार येण्याची वाट बघत असतो. ज्याच्या घरी बिनव्याजी लाखभर रुपये उभे करायला जमीन विकावी लागते, त्याने या वाटेला नोंदणीकृत कागदाशिवाय जाऊ नये.

आता एक प्रश्न सरकारला. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्रात स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले, त्यात राहण्यासाठीचा वाटा २०,०००. म्हणजे महिन्याला साधारण १,६६६ रुपये. या पैशांत पुण्यात कॉट मिळते का हा एक भाग झाला. मला त्याहून गंभीर वाटतो तो दुसरा भाग: वसतिगृहाऐवजी रोख रक्कम देऊन सरकार आपल्या पोरांना त्याच बाजारात पाठवतं जिथे निवड करण्याचा हक्क फक्त मालकाला आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उघडली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. शिकण्याआधी पाठ टेकायला जागा लागते, हे त्या राजाला कळलं होतं. खुद्द बाबासाहेब परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत वीसहून अधिक वर्षं राहिले. ती सार्वजनिक संस्थेची चाळ होती. खाजगी मालकाच्या मर्जीवर असते तर तेवढी वर्षं मिळाली असती का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

'माझं घर आहे, मी कुणाला द्यायचं ते मी ठरवणार.' हा युक्तिवाद आपल्या मित्रमंडळींतही ऐकू येतो, अगदी पुरोगामी म्हणवणाऱ्यांकडून. संविधानाच्या १५(२) कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं येतात. बडोद्याची ती धर्मशाळा आज त्यात बसवता आली असती. खाजगी फ्लॅट बसत नाही. उलट २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व केवळ पारशांपुरतं ठेवण्याची उपविधी वैध ठरवली. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, ही चांगलीच गोष्ट. पण जातीवरून भेदभाव करू नये असं कलम त्यात नाही, आणि राज्यांनी स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागूही होत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्काराची व्याख्या आली आणि नेहमीच्या व्यवहारातल्या अटींवर व्यवहार करायला नकार देणं त्यात धरलं गेलं. एखाद्या निर्भीड वकिलाने ही व्याख्या भाड्याच्या घरापर्यंत ताणून बघावी असं मला फार वाटतं. अडचण पुन्हा तीच: मालक नकार देतच नाही, तो तारखेची वाट बघतो.

अमेरिकेत डॉ. किंग यांची ४ एप्रिल १९६८ ला हत्या झाली आणि आठवडाभरात, ११ एप्रिलला, तिथे घर भाड्याने देताना वंशभेद करण्याला बंदी घालणारा कायदा सहीनिशी झाला. (११ एप्रिल ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने प्रिय आहे.) तिथेही 'माझं घर, माझी मर्जी' म्हणणारे होते. त्या कायद्याने मालक स्वतः राहतो अशा छोट्या घरांना काही सूट दिली, पण जाहिरातीत भेदभाव करायला त्यांनाही मनाई केली. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यातही जागा भाड्याने देणं येतं. म्हणजे खाजगी मालमत्ता असलेल्या देशांनी हे केलं आहे.

आणि आपला मालक खरोखर किती खाजगी आहे? तो करार सरकारी संकेतस्थळावर नोंदवतो. भाडेकरूची पोलीस पडताळणी मागतो. जागा परत मिळवायला त्याच्यासाठी वेगळा सक्षम प्राधिकारी बसवलेला आहे, सामान्य दिवाणी दाव्याच्या रांगेत त्याला उभं राहावं लागत नाही. दुप्पट भरपाई कायद्याने लिहून दिली आहे. एवढी सगळी सरकारी यंत्रणा तो वापरत असेल तर त्या यंत्रणेने त्याला एक प्रश्न विचारायला हरकत नसावी. करार पुढे न वाढवण्याचं कारण नोंदणीच्या त्याच संकेतस्थळावर एका रकान्यात लिहावं. स्वतःला जागा हवी, विकायची आहे, भाडं थकलं, जे असेल ते. आणि 'स्वतःला हवी' असं लिहून पुढच्या तीन महिन्यांत तीच जागा दुसऱ्याला दिल्याची नोंद झाली, तर आधीच्या भाडेकरूला दाद मागता यावी. नोंदी सरकारकडे आहेतच, फक्त दोन नोंदी शेजारी ठेवून बघायच्या आहेत.

तोपर्यंत ज्यांचा करार येत्या दोन-तीन महिन्यांत संपतो आहे त्यांनी तो कागद आजच काढावा. घर सोडल्यावर ती जागा पुन्हा कधी, किती भाड्याने, कुठल्या अटी घालून जाहिरातीत आली, त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावा. मी माझा ठेवला आहे. साडेआठ हजार, शाकाहारी मुलींना प्राधान्य.